‘लास्ट टँगो’चा खेळ लावण्यापूर्वी : फिल्म सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

महाराष्ट्र व गोव्यातील सर्व फिल्म सोसायट्यांच्या कार्यकारिणी आणि चित्रपट निवड समित्या यांस,

स. न. वि. वि.

अमेरिकन अभिनेते मार्लन ब्रँडो यांची जन्मशताब्दी २०२४ साली झाली. त्यांच्या निवडक चित्रपटांचा महोत्सव भरवावा, ही कल्पना आपल्यापैकी काहींच्या बैठकांत निघाली असेल किंवा पुढे निघेल, असे धरून हे पत्र लिहीत आहे. अशा महोत्सवाची यादी करायला बसले की इटालियन दिग्दर्शक बर्नार्दो बर्तोलुची यांचा १९७२ सालचा ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ त्यात यायचाच. त्याला माझा विरोध नाही. हा चित्रपट दाखवण्याजोगा आहे. मात्र तो कोणत्या रीतीने घडवला गेला, हे खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगण्याची आपली तयारी नसेल, तर तो यादीतून वगळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिची कारणे जरा विस्ताराने मांडतो.

आधी चित्रपटाबद्दल लिहितो, कारण या नावाभोवती पन्नास वर्षे जी कुजबुज साचली आहे तिच्याखाली मूळ विषयच दबून गेला आहे. फिल्म सोसायटीची चळवळ जोरात असताना आपल्याकडे सभासदांच्या रांगा केवळ चित्रपटकलेच्या अंगाने सिनेमा पाहण्यासाठी लागत नसत. सेन्सॉरची कात्री न लागलेली प्रत पाहायला मिळते, हे आकर्षण त्यामागे होतेच, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु ‘लास्ट टँगो’ त्या अपेक्षेने पाहायला गेलेल्या माणसाच्या हाती बहुधा निराशाच येते, कारण हा मुळात शोकाचा चित्रपट आहे. ब्रँडो यांनी साकारलेला पॉल हा पंचेचाळिशीचा अमेरिकन. पॅरिसमध्ये त्याच्या बायकोच्या मालकीचे एक हलक्या दर्जाचे हॉटेल आहे आणि त्या बायकोने, रोझाने, नुकतीच आत्महत्या केली आहे. तिने असे का केले, याचे उत्तर मागे ठेवलेले नाही. पहिल्याच दृश्यात बीर-आकेम पुलाखाली तो उभा आहे, वरून मेट्रोची गाडी धडधडत जाते आणि तो दोन्ही कानांवर हात दाबून ओरडतो. शेजारून जाणारी झान ही विशीतली मुलगी वळून एकदा त्याच्याकडे पाहते आणि पुढे निघून जाते. थोड्याच वेळाने पासी भागातल्या भाड्याने द्यायच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये त्या दोघांची गाठ पडते. पुढे ती दोघे तिथेच भेटत राहतात, आणि पॉलची अट एकच असते, की नाव सांगायचे नाही, विचारायचे नाही, बाहेरच्या आयुष्यातले काहीही आत आणायचे नाही.

ही अट वरवर पाहता मोकळीक वाटते. प्रत्यक्षात ती एका माणसाने दुसऱ्यावर लादलेली आहे, आणि चित्रपट ते लपवत नाही. पॉलला झान नको आहे, त्याला आपले दुःख बधिर करणारे काहीतरी हवे आहे, आणि त्या कामी समोरची मुलगी वापरली जाते आहे. छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो यांनी तो फ्लॅट हिवाळ्यातल्या उतरत्या उन्हाच्या तांबूस-नारिंगी रंगात चित्रित केला आहे. श्रेयनामावलीच्या वेळी फ्रान्सिस बेकन यांची दोन चित्रे पडद्यावर येतात आणि त्यातली पिळवटलेली, एकेकटी बसलेली माणसे पुढच्या दोन तासांचा सूर लावून देतात. संगीतकार गातो बार्बिएरी यांचा सॅक्सोफोनही तोच सूर धरतो.

माझ्या मते चित्रपटाचे मर्म त्या फ्लॅटमध्ये नसून हॉटेलात आहे. रोझाचा एक प्रियकर, मार्सेल, त्याच हॉटेलात वरच्या खोलीत राहतो. पॉल त्याला भेटायला जातो तेव्हा कळते, की रोझाने दोघांना अगदी एकसारखे ड्रेसिंग गाऊन भेट दिले होते. आपापला गाऊन घातलेले दोन मध्यमवयीन पुरुष समोरासमोर बसून तिच्याबद्दल बोलतात, आणि दोघांनाही ती कळलेली नसते. एकही मोठा शब्द न वापरता शहरातल्या एकटेपणाबद्दल इतके नेमके काही सांगणारे दृश्य मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. त्यानंतर येते ते फुलांच्या गराड्यात ठेवलेल्या रोझाच्या मृतदेहाशेजारचे दृश्य. पॉल तिला अर्वाच्य शिव्या देतो, तू कोण होतीस म्हणून विचारतो, चेहऱ्यावर कोणीतरी फासलेली रंगरंगोटी पुसायला लागतो आणि मध्येच हमसून रडतो. हे दृश्य लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याच्याच आधारे मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे.

आता ज्या दृश्यासाठी हा चित्रपट कुप्रसिद्ध झाला त्याकडे वळतो. पॉल झानवर बळजबरी करतो, त्यासाठी लोण्याचा वापर करतो, आणि ते चालू असताना कुटुंबसंस्थेला शिव्याशाप देणारी वाक्ये तिच्याकडून वदवून घेतो. झानची भूमिका करणाऱ्या मारिया श्नायडर त्या वेळी १९ वर्षांच्या होत्या, ब्रँडो पन्नाशीला टेकले होते आणि जगातल्या सर्वांत नामवंत नटांत त्यांची गणना होत होती. २००७ साली दिलेल्या एका मुलाखतीत श्नायडर यांनी सांगितले, की हे दृश्य मूळ संहितेत नव्हते. चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर त्यांना ते सांगण्यात आले, त्या संतापल्या, परंतु संहितेबाहेरचे काही करायला आपल्याला भाग पाडता येत नाही, आपण आपल्या एजंटला किंवा वकिलाला बोलवू शकतो, हे त्या वयात त्यांना ठाऊक नव्हते. पडद्यावरची कृती खोटी होती, पण डोळ्यांतले अश्रू खरे होते, असे त्या म्हणाल्या, आणि ब्रँडो व बर्तोलुची या दोघांनी मिळून काही अंशी आपल्यावर बलात्कारच केल्यासारखे वाटले, असेही त्यांनी सांगितले. ब्रँडो यांनी नंतर ना समजूत काढली, ना माफी मागितली.

२०११ च्या फेब्रुवारीत श्नायडर यांचे निधन झाले. त्यानंतर, २०१३ मध्ये बर्तोलुची यांनी मुलाखतीत सांगितले, की लोण्याची कल्पना त्यांना आणि ब्रँडो यांना चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी न्याहारी करताना सुचली. ती श्नायडर यांना मुद्दाम सांगितली नाही, कारण त्यांना अभिनेत्रीची नव्हे तर एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती, तिला झालेला अपमान खरा हवा होता. याबद्दल अपराधी वाटते, पण पश्चात्ताप होत नाही, असेही ते म्हणाले. २०१६ मध्ये ही मुलाखत पुन्हा फिरू लागली तेव्हा त्यांनी खुलासा केला, की दृश्यातली हिंसा संहितेत होती आणि श्नायडर यांना ती माहीत होती, नवी होती ती केवळ लोण्याची गोष्ट. दोघांच्या सांगण्यात हा फरक आहे आणि तो प्रेक्षकांपुढे तसाच ठेवला पाहिजे. सनसनाटीसाठी पडद्यावर खराच बलात्कार झाल्याचे जे सांगितले जाते ते श्नायडर यांच्या स्वतःच्या कथनाशी जुळत नाही, म्हणून तेही टाळावे. तथापि बर्तोलुची यांचा खुलासा जसाच्या तसा स्वीकारला तरी प्रश्न उरतोच, कारण एका १९ वर्षांच्या मुलीचा खरा अपमान टिपण्यासाठी तिच्यापासून काही लपवले, ही कबुली त्यांचीच आहे.

बर्तोलुची यांची बाजू घेणारे रसिक आपल्या सोसायट्यांत मला अनेकदा भेटतात. त्यांचे म्हणणे असे, की महान कलाकृतीसाठी किंमत मोजावीच लागते आणि तो खरेपणा अन्यथा आला नसता. या युक्तिवादाचे खंडन दुसऱ्या कोणी करण्याची गरज नाही, ते हाच चित्रपट करतो. वर उल्लेखलेले मृतदेहाशेजारचे दृश्य पाहा. या चित्रपटातला सर्वांत खरा क्षण तो आहे, आणि तो पूर्णपणे रचलेला आहे. समोर मृतदेह म्हणून निजलेल्या वेरोनिका लाझार या जिवंत अभिनेत्री होत्या. ब्रँडो तर संवादही पाठ करत नसत, सेटवर जागोजागी लावलेल्या फलकांवरून ते वाचत असत. तरीही तो हुंदका पाहणाऱ्याच्या पोटात कालवाकालव करतो. म्हणजे कसब, अनुभव आणि स्वेच्छा यांतून खरे दुःख उभे करता येते, हे बर्तोलुची यांना ठाऊक होते, त्यांच्याच सेटवर ते घडत होते. ब्रँडो यांनी स्वतःच्या बालपणातल्या आठवणी, दारूच्या आहारी गेलेल्या आईचे उल्लेख, पॉलच्या तोंडी घातले. त्यांनाही पुढे आपण नको इतके उघडे पडलो असे वाटले आणि बर्तोलुचींशी त्यांनी अनेक वर्षे अबोला धरला. पण काय द्यायचे आणि काय राखायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता. जो विश्वास आणि जी मोकळीक दिग्दर्शकाने ब्रँडो यांना दिली तीच समोरच्या अभिनेत्रीला देण्यात कलेची कोणती हानी होणार होती, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की चित्रपटाला हे सगळे कळते. झानचा होणारा नवरा टॉम, म्हणजे ज्याँ-पिएर लेओ यांनी केलेली भूमिका, हा तरुण दिग्दर्शक आहे आणि दूरदर्शनसाठी झानवरच एक लघुपट करतो आहे. रेल्वे स्टेशनवर ती त्याला भेटायला येते आणि मिठी मारते तेव्हा आजूबाजूला कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाचा सरंजाम घेऊन माणसे उभी असतात, कारण ही भेट तिला न सांगता चित्रित केली जाते आहे. ती चिडते, आधी विचारायला हवे होतेस, असे त्याला सुनावते. पुढे मेट्रोच्या फलाटावर तर दोघांची मारामारीपर्यंत जुंपते. तू माझा गैरफायदा घेतोस, मी कधी न केलेल्या गोष्टी माझ्याकडून करवून घेतोस, असे ती ओरडून सांगते. टॉमचे पात्र विनोदी अंगाने रंगवले आहे, त्याच्या सिनेमावेडाची चित्रपट भरपूर टर उडवतो. आणि या टवाळीच्या आजूबाजूलाच, त्याच सेटवर, त्याच अभिनेत्रीला न विचारता तिच्याकडून काही करवून घेतले जात होते. पात्राच्या तोंडी जी तक्रार लिहिली तीच तक्रार अभिनेत्रीची असू शकेल, हे लिहिणाऱ्याला दिसले नाही, की दिसूनही चालून जाईल असे वाटले? मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते. या दोन प्रसंगांकडे लक्ष वेधल्याशिवाय केलेले या चित्रपटाचे कोणतेही रसग्रहण यापुढे अपुरे मानावे लागेल, मग ते कॅमेऱ्याच्या हालचालींबद्दल कितीही मार्मिक असो.

हा चित्रपट हाताळण्याच्या दोन चुकीच्या रीती आपल्यापुढे आहेत. पहिली इटलीची. तिथे तो डिसेंबर १९७२ मध्ये प्रदर्शित झाला, लगेच जप्त झाला, खटले चालले आणि २९ जानेवारी १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. बर्तोलुची यांचा मतदानाचा हक्क पाच वर्षांसाठी गेला. बंदी उठायला १९८७ साल उजाडले. हा सगळा खटाटोप अश्लीलतेच्या आरोपावरून, म्हणजे पाहणाऱ्याच्या नीतिमत्तेच्या काळजीपोटी होता, काम करणाऱ्या मुलीशी सेटवर कसे वागले गेले हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. त्याचा परिणाम असा झाला, की जगभरचे रसिक दिग्दर्शकाला हुतात्मा समजू लागले आणि दुसरा कोणताही आक्षेप पुराणमतवाद्यांच्या खात्यावर जमा होऊ लागला. आपल्याकडेही ती सवय गेलेली नाही. चित्रपटावर नैतिक प्रश्न उपस्थित केला की ‘म्हणजे तुम्ही सेन्सॉरच्या बाजूचे’ असे ऐकावे लागते.

दुसरी रीत पॅरिसची. सिनेमातेक फ्रान्सेज या नामांकित संस्थेने ब्रँडो यांच्या सिंहावलोकनात १५ डिसेंबर २०२४ रोजी या चित्रपटाचा खेळ ठेवला होता. श्नायडर यांच्या बाबतीत काय घडले याची दखल कार्यक्रमात पुरेशी घेतलेली नाही, म्हणून स्त्री संघटनांनी आणि अभिनेत्री ज्युडिथ गोद्रेश यांनी जाहीर आक्षेप घेतला. संस्थेला हे माहीत नव्हते असे म्हणायला जागा नव्हती, कारण मारिया श्नायडर यांच्यावरचा, त्यांच्या मामेबहिणीच्या पुस्तकावर आधारलेला जेसिका पालू यांचा चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला होता. वाद चिघळल्यावर खेळाआधी चर्चा ठेवण्याचे घाटले, आणि अखेर सुरक्षेचे कारण देऊन खेळच रद्द झाला. जे चार ओळींच्या प्रामाणिक टिपणाने आणि जाणत्या व्यक्तीच्या प्रास्ताविकाने साधले असते ते वेळेवर न केल्यामुळे चित्रपटही गेला आणि बोलायची संधीही गेली. आपल्या सोसायट्या त्या मानाने लहान, पण आपले माहितीपत्रक लिहिताना आपणही नेमके हेच करतो. दिग्दर्शकाचा गौरव, पारितोषिकांची नामांकने, छायालेखकाचे कौतुक, आणि १९७२ च्या न्यूयॉर्क महोत्सवातल्या पहिल्या खेळानंतर अमेरिकन समीक्षक पॉलिन केल यांनी केलेली १९१३ सालच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या गाजलेल्या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाशी तुलना, एवढे उतरवून काढले की टिपण तयार होते.

म्हणून काही विनंत्या करतो. ‘लास्ट टँगो’ ब्रँडो महोत्सवात घालू नये. तिथे तो एका थोर नटाच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून येतो आणि श्नायडर आपोआप त्याच्या सोबतीला उरतात. तो स्वतंत्रपणे दाखवावा, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी फ्रेंच अभिनेत्री देल्फिन सेरिग यांचा १९८१ सालचा ‘सुंदर दिस आणि गप्प राहा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा माहितीपट दाखवावा. त्यात फ्रान्स आणि अमेरिकेतल्या वीसहून अधिक अभिनेत्री आपल्या व्यवसायाविषयी कॅमेऱ्यासमोर बोलतात, आणि त्यांत तरुण मारिया श्नायडर आहेत. आपल्याला कोणत्या भूमिका देऊ केल्या जातात आणि हा धंदा कोणत्या पुरुषांच्या हाती आहे, हे त्या तिथे शांतपणे सांगतात. त्या २००७ मध्ये अचानक बोलू लागल्या असा जो समज आहे तो या माहितीपटाने दूर होतो. अंतोनिओनी यांचा १९७५ सालचा ‘द पॅसेंजर’ही पुढच्या आठवड्यात लावता आला तर उत्तम, कारण लोण्याच्या पलीकडे ही अभिनेत्री काय करू शकत होती हे सभासदांना कळायला हवे.

प्रास्ताविक खेळाच्या आधी व्हावे, नंतर नव्हे. नंतरच्या चर्चेला निम्मे सभागृह शेवटची लोकल किंवा बस गाठायला उठलेले असते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे, आणि शिवाय पाहून झाल्यावर सांगणे म्हणजे प्रेक्षकालाही न विचारता त्या दृश्याचा साक्षीदार करणे होय. माहितीपत्रकात त्या दृश्याचा उल्लेख बळजबरीचे दृश्य असा सरळ असावा, ‘धाडसी’, ‘बिनधास्त’ अशी विशेषणे जाहिरातीतून काढून टाकावीत. ज्यांना मध्येच उठून जायचे असेल त्यांच्यासाठी मागच्या बाजूचे दार उघडे ठेवावे आणि तसे आधी सांगावे. दृश्य कापून दाखवावे असे मी म्हणणार नाही, कारण कापलेल्या प्रतीत झाले-गेले सगळे पुसले जाते आणि चित्रपट होता त्याहून निर्दोष दिसू लागतो.

रसास्वाद शिबिरांच्या संयोजकांनाही एक सांगणे आहे. अभिनय शिकवताना ‘खरी प्रतिक्रिया’ मिळवण्याच्या अशा गोष्टी कौतुकाने सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. नटाला न कळवता थप्पड मारली, नटीला खरोखर घाबरवले आणि मग काय शॉट मिळाला, असे किस्से वक्ते रंगवून सांगतात आणि शिबिरार्थी टाळ्या वाजवतात. त्यातले काही उद्या स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहणार असतात. अशा किश्शानंतर वक्त्याला निदान एवढे विचारावे, की त्या नटीने पुढे त्याबद्दल काय सांगितले, आणि तिला कोणी विचारले होते का.

येत्या वर्षाच्या कार्यक्रमाची आखणी करताना आपली समिती या पत्राचा विचार करील अशी आशा आहे. प्रास्ताविकासाठी वक्ता शोधताना नेहमीच्या ज्येष्ठ समीक्षकांऐवजी रंगभूमीवर किंवा पडद्यावर प्रत्यक्ष काम केलेल्या एखाद्या अभिनेत्रीला आधी विचारावे, आणि बोलायला किमान वीस मिनिटे द्यावीत. माहितीपत्रकाच्या मराठी मजकुरासाठी मदत लागल्यास ती मी आनंदाने करीन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक जुना सभासद